एका काठी पूर, दुसऱ्या काठी चिखल

पाऊस नाही, नदीला लोंढा नाही, तरी पाणी चढतं. जोराचा वारा अख्खं सरोवर एका बाजूला कसा कलवतो, त्याची ही गोष्ट.

आभाळातून पावसाचा थेंब पडलेला नाही. वरच्या बाजूला कुठल्या धरणाचे दरवाजे उघडलेले नाहीत. नदीही आपल्या पात्रात निवांत आहे. तरीसुद्धा सरोवराकाठच्या गावात पाणी शिरतं, रस्ते बुडतात, तळघरं भरतात. आणि नेमक्या त्याच वेळी, त्याच सरोवराच्या दुसऱ्या टोकाला पाणी इतकं मागे हटतं, की बंदरातल्या बोटी चिखलात तिरक्या होऊन पडतात. एकाच सरोवराच्या एका काठी पूर आणि दुसऱ्या काठी चिखल!

ही परीकथा नव्हे. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर असलेल्या ईरी सरोवराकाठचे लोक हा प्रकार पिढ्यान् पिढ्या पाहत आले आहेत. त्यामागे ना भूकंप, ना भरती-ओहोटी. ही करामत आहे निव्वळ वाऱ्याची. आणि ती वाटते तितकी गमतीची नाही. या वाऱ्यानं आजवर हजारो माणसांचा बळी घेतला आहे.

बशीतला चहा आणि सरोवर

वारा पाणी हलवतो, लाटा उठवतो, हे आपण रोज पाहतो. पण वारा पाण्याची पातळी कशी बदलणार? ते समजून घ्यायला प्रयोगशाळा नको, चहाची बशी पुरेल. गरम चहा बशीत ओतून आपण फुंकर मारतो, तेव्हा चहा समोरच्या कडेकडे सरकतो. फुंकर जरा जोराची झाली तर पलीकडच्या कडेवरून सांडतोही. आपल्या बाजूला मात्र बशीचा तळ दिसू लागतो. फुंकर थांबली की चहा परत येतो, थोडा हिंदकळतो आणि स्थिरावतो.

सरोवरात नेमकं हेच घडतं. वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून जाताना घर्षणामुळे पाण्याला आपल्याबरोबर ओढतो. समुद्रासारखा अथांग विस्तार असेल तर ते पाणी आजूबाजूला पसरतं. सरोवराला मात्र काठ असतो. ओढलेलं पाणी काठाशी येऊन साचतं आणि तिथली पातळी चढते. जिथून ते निघालं, तिथली पातळी तेवढीच उतरते. एकूण पाणी तेच, फक्त त्याची मांडणी बदलते. वारा वाहतोय तोवर सरोवराचा पृष्ठभाग असा उतरता राहतो.

पाणी किती चढणार, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं. पहिली गोष्ट वाऱ्याचा वेग. वेग दुप्पट झाला की पाण्यावरची ओढ दुप्पट नव्हे, साधारण चौपट होते. दुसरी गोष्ट लांबी. वाऱ्याला पाण्यावरून जितकं लांब धावायला मिळेल, तितकं पाणी अधिक साचतं. तिसरी गोष्ट खोली, आणि इथे अनेकांचा अंदाज चुकतो. खोल सरोवर धोक्याचं आणि उथळ सरोवर निर्धास्त, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. उथळ सरोवरात वाऱ्याचा तेवढाच रेटा थोड्या पाण्यावर पडतो, त्यामुळे पाणी जास्त कलतं. खोली निम्मी असेल तर चढ दुप्पट!

ईरीचीच निवड का?

उत्तर अमेरिकेत पाच महासरोवरं आहेत. सुपीरिअर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ऑन्टारिओ. यातलं ईरी हे सर्वांत उथळ. सुपीरिअरची सरासरी खोली १४७ मीटर आहे, तर ईरीची फक्त १९ मीटर. त्यातही त्याचं पश्चिम टोक आणखी उथळ, सरासरी सात-साडेसात मीटर. लांबी मात्र ३८८ किलोमीटर, म्हणजे मुंबईहून मोटारीनं कोल्हापूर गाठावं एवढी. रुंदी जास्तीत जास्त ९२ किलोमीटर. एखाद्या लांबट, उथळ परातीसारखं हे सरोवर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरलं आहे.

आणि या भागात जोराचे वारे वाहतात तेही बहुतेक नैर्ऋत्येकडूनच! म्हणजे वाऱ्याला या परातीत टोकापासून टोकापर्यंत सरळ धावपट्टीच मिळते. पश्चिमेच्या टोकाला टोलेडो शहर आहे, पूर्वेच्या टोकाला बफेलो. हिवाळ्याच्या तोंडावर वादळ आलं की टोलेडोचं पाणी बफेलोकडे जातं. दोन्ही टोकांच्या पातळीत पाच मीटरपर्यंत फरक पडू शकतो. पाच मीटर म्हणजे दीड मजला.

गंमत अशी की सरोवरात उभ्या असलेल्या जहाजावरून हा उतार कुणालाही दिसणार नाही. ३८८ किलोमीटरमध्ये पाच मीटर म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम सव्वा सेंटिमीटर. सरोवराच्या मध्यावरच्या क्लीव्हलंडसारख्या शहरात तर पातळी फारशी हलतही नाही. बागेतल्या सीसॉच्या मधल्या खुंट्यासारखी तिची अवस्था. टोकाला बसलेल्यांना मात्र वरखाली व्हावं लागतं.

डिसेंबर २०२२ मध्ये नाताळच्या तोंडावर आलेल्या हिमवादळात हे पुन्हा दिसलं. वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले. बफेलोच्या बाजूला सरोवर किनारा ओलांडून आत आलं आणि टोलेडोच्या बाजूला एरवी पाण्याखाली असणारा तळ उघडा पडला. त्या वादळात बफेलो परिसरात चाळीसहून अधिक माणसं दगावली. त्यांचा जीव मुख्यतः बर्फानं आणि थंडीनं घेतला, पण सरोवराचं हे रूपही लोकांच्या लक्षात राहिलं. त्याआधी २०२० च्या फेब्रुवारीअखेर बफेलोजवळच्या हॅम्बर्गमध्ये किनाऱ्यावरच्या घरांवर सरोवराचे तुषार सतत उडत राहिले आणि थंडीत गोठत गेले. घरं अक्षरशः बर्फाच्या वेष्टनात गुंडाळली गेली. त्या घरांची छायाचित्रं जगभर छापून आली.

पश्चिमेकडच्या लोकांचं नुकसान वेगळं. पाणी उतरलं की मालवाहू जहाजांना तळ लागण्याची भीती, त्यामुळे ती नांगर टाकून वाट पाहत बसतात. धक्क्याला बांधलेल्या बोटींचे दोर ताणले जातात.

नायगारा मुका झाला तेव्हा

बफेलोच्या इतिहासातली सर्वांत भयंकर रात्र म्हणजे १८ ऑक्टोबर १८४४ ची. आधी काही दिवस वारा ईशान्येकडून वाहत होता. त्यानं सरोवराचं पाणी पश्चिमेकडे रेटून ठेवलं होतं. मग वारा एकाएकी फिरला आणि नैर्ऋत्येकडून झंझावात सुटला. पश्चिमेला साचलेलं पाणी परत फिरलंच, शिवाय त्याला मागून वाऱ्याचा रेटा मिळाला. शहराच्या रक्षणासाठी चौदा फूट उंचीची भिंत होती. त्या रात्री सुमारे बावीस फूट पाणी आलं, अशी नोंद आहे. लोक झोपेत होते. ७८ जण बुडाले. त्या काळी ना तारायंत्राचं जाळं पसरलं होतं, ना हवामान खातं होतं. टोलेडोचं पाणी उतरतंय, हे बफेलोला सांगणार कोण?

त्यानंतर साडेतीन वर्षांनी याच वाऱ्यानं एक चमत्कार करून दाखवला. २९ मार्च १८४८ च्या रात्री नायगारा धबधब्याच्या परिसरातले लोक जागे झाले, ते आवाजानं नव्हे, तर आवाज थांबल्यानं. रात्रंदिवस कानावर पडणारा धबधब्याचा घनगंभीर घोष बंद पडला होता. पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या थांबल्या. सकाळी पाहतात तो धबधब्याची कडा कोरडी!

झालं होतं असं, की नायगारा नदी ईरी सरोवरातूनच निघते. हिवाळा संपताना सरोवरावरचा बर्फ फुटू लागला होता. जोराच्या वाऱ्यानं त्याचे प्रचंड तुकडे पूर्वेकडे ढकलले आणि नदीच्या मुखाशी बूच बसावं तसा बर्फ अडकला. दीड दिवसाच्या आसपास धबधबा जवळजवळ बंद होता. काहींना जगबुडी आल्यासारखं वाटलं, चर्चमध्ये प्रार्थना झाल्या. धीट लोक नदीच्या उघड्या पात्रात उतरले. तिथे त्यांना १८१२ च्या युद्धातल्या संगिनी आणि बंदुकीच्या नळ्या सापडल्या. शेवटी बर्फाचा बांध फुटला आणि पाण्याची भिंत गर्जना करत परत आली.

पुन्हा असं होऊ नये म्हणून १९६४ पासून दर हिवाळ्यात नदीच्या मुखाशी तरंगत्या ओंडक्यांची साखळी बांधली जाऊ लागली. पुढे ओंडक्यांच्या जागी पोलादी नळकांडी आली. नायगाराच्या वीजकेंद्रांकडे जाणारं पाणी बर्फानं तुंबू नये, हा तिचा मुख्य हेतू.

डोलणारं पाणी

वारा थांबल्यावर काय होतं? पाण्यानं भरलेली परात उचलून चालून पाहा. थांबलात तरी पाणी या कडेकडून त्या कडेकडे डोलत राहतं. सरोवरही तसंच डोलतं. ईरी सरोवराच्या एका पूर्ण हेलकाव्याला सुमारे चौदा तास लागतात. वादळ सरल्यावरही एक-दोन दिवस बफेलो आणि टोलेडोची पातळी आळीपाळीनं वरखाली होत राहते. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान.

या डोलण्याला शास्त्रज्ञ 'सेश' म्हणतात. हा शब्द स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा सरोवराकाठच्या फ्रेंच बोलीतला. तिथले कोळी आणि नावाडी पूर्वापार हे डोलणं पाहत होते. १७३० मध्ये त्याची लेखी नोंदही झाली. पण त्याचा कसून अभ्यास केला फ्रान्स्वा-आल्फोन्स फोरेल या गृहस्थानं. १८४१ मध्ये सरोवराकाठच्या मॉर्ज गावी जन्मलेला फोरेल लोझानला वैद्यकाचा प्राध्यापक होता. पण त्याचं मन रमलं ते घरासमोरच्या पाण्यात. किनाऱ्याशी साधी उपकरणं लावून त्यानं वर्षानुवर्षं पातळीच्या नोंदी केल्या. त्याच्या लक्षात आलं, की जिनिव्हा सरोवर सुमारे ७३ मिनिटांत एक हेलकावा पुरा करतं. घड्याळाच्या लंबकाची लांबी ठरली की त्याचा वेळही ठरतो. तसाच सरोवराच्या हेलकाव्याचा वेळ ठरतो त्याची लांबी आणि खोली यांवरून. फोरेलला आज सरोवरशास्त्राचा जनक मानतात.

सरोवराला डोलवायला नेहमी लांबलचक वादळच लागतं असं नाही. २६ जून १९५४ च्या सकाळी शिकागो शहरात मिशिगन सरोवराच्या धक्क्यावर लोक गळ टाकून बसले होते. थोड्या वेळापूर्वी एक वादळी पट्टा सरोवर ओलांडून गेला होता. हवेचा दाब एकदम चढला होता आणि वाराही जोराचा होता. त्यामुळे उठलेली लांबलचक लाट समोरच्या किनाऱ्यावर आपटून परत आली. सुमारे दहा फूट पाणी धक्क्यावर चढलं. गळ टाकून बसलेल्यांपैकी आठ जण वाहून गेले. शास्त्रज्ञ आज अशा लाटेला हवामानामुळे उठलेली त्सुनामी म्हणतात. वादळ निघून गेलं म्हणजे धोका टळला, असं नसतं. शिकागोनं हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला.

ओकीचोबीची रात्र

पण सर्वांत मोठी किंमत मोजली ती फ्लोरिडामधल्या ओकीचोबी सरोवराकाठच्या लोकांनी. हे सरोवर पसरलंय सुमारे १,९०० चौरस किलोमीटरवर, आणि सरासरी खोली? जेमतेम पावणेतीन मीटर! म्हणजे नावाप्रमाणे सरोवर, पण प्रकृती बशीची. दक्षिणेकडची जमीन काळी, कसदार. तिथे भाजीपाला आणि ऊस पिकू लागला आणि मजुरीसाठी हजारो कुटुंबं येऊन राहिली. त्यातली बहुतेक कृष्णवर्णीय, काही जवळच्या बहामा बेटांवरून आलेली. सरोवर आणि वस्त्या यांच्यामध्ये होता एक मातीचा बुटका बांध.

इशारा मिळालाच नव्हता असं नाही. १९२६ च्या चक्रीवादळात याच सरोवराच्या पाण्यानं मूर हेवन गावात शेकडो बळी घेतले होते. तरीही बांध तसाच राहिला. १६ सप्टेंबर १९२८ ला वादळ येणार, सखल भाग सोडा, असं लोकांना सांगण्यात आलं. अनेक जण निघालेही. पण सांगितलेल्या वेळी वादळ आलं नाही. दिवस कोरडाच गेला, तेव्हा वादळ चुकलं असं समजून बरेच जण मुलाबाळांसह घरी परतले. आणि संध्याकाळी वादळ पाम बीचजवळ किनाऱ्यावर धडकलं.

आधी वारा उत्तरेकडून होता. त्यानं सरोवराचं पाणी दक्षिण काठाकडे रेटलं. पाणी बांधावरून वाहू लागलं आणि मातीचा बांध विरघळल्यासारखा फुटला. अंधारात पाण्याचा लोंढा बेल ग्लेड, पहोकी, साउथ बे या वस्त्यांमध्ये घुसला. घरं पायापासून उखडून तरंगू लागली. लोक माळ्यावर चढले, छपरावर चढले, झाडांना बिलगले. मग वादळाचा मध्य पुढे सरकला, वारा फिरून दक्षिणेकडून वाहू लागला आणि पाणी उत्तरेच्या काठावर चढलं. आधी एक काठ बुडाला, मग दुसरा.

मृतांचा आकडा बरीच वर्षं १,८३६ सांगितला जात होता. २००३ मध्ये तो किमान २,५०० असा दुरुस्त करण्यात आला. मरणानंतरही या लोकांच्या वाट्याला समता आली नाही. शवपेट्या गोऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आल्या. वेस्ट पाम बीचमध्ये ६७४ कृष्णवर्णीयांना एकाच खड्ड्यात पुरलं गेलं आणि त्या जागेवर अनेक दशकं साधा फलकही नव्हता. लेखिका झोरा नील हर्स्टन हिनं १९३७ च्या आपल्या कादंबरीत या वादळाची कहाणी आणली, त्यामुळे ती साहित्यात तरी टिकली.

नंतर सरोवराभोवती भक्कम बंधारा उभा राहिला. अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांचं नाव त्याला दिलं आहे. आज तो सुमारे २३० किलोमीटर लांब आणि साधारण तीस फूट उंच आहे. काठावरच्या गावांतून आता सरोवर दिसत नाही, दिसतो तो हिरवा बंधारा.

धोक्याची घंटा

वारा थांबवणं माणसाच्या हाती नाही. पण तो येणार आणि पाणी कुठे चढणार, हे आज सांगता येतं. ईरी सरोवराभोवती पातळी मोजणारी स्वयंचलित यंत्रं दर सहा मिनिटांनी नोंद करतात. वाऱ्याचा अंदाज संगणकाला दिला की कोणत्या टोकाला पाणी किती चढेल, हे काही तास आधी कळतं. त्यानुसार अमेरिकेचं हवामान खातं पूर्वेच्या काठाला पुराचा इशारा देतं आणि पश्चिमेच्या जहाजांना कमी पाण्याचा. एकाच वाऱ्यासाठी दोन उलटे इशारे!

या गणिताचा एक धागा हॉलंडपर्यंत जातो. तिथल्या झाउडर झे या उथळ उपसागराचं पाणी जानेवारी १९१६ च्या वादळात गावांमध्ये घुसलं. मग उपसागराचं तोंड धरण घालून बंद करायचं ठरलं. धरण घातल्यावर वाऱ्यानं पाणी किती चढेल, हे काढण्याचं काम नोबेल विजेते पदार्थवैज्ञानिक हेंड्रिक लॉरेन्ट्झ यांच्या समितीकडे होतं. ३२ किलोमीटर लांबीचं ते धरण १९३२ मध्ये पुरं झालं आणि उपसागराचं सरोवर झालं. वाऱ्यानं जलाशयाचं पाणी किती चढेल हे सांगणारं, झाउडर झेच्या नावानं ओळखलं जाणारं सूत्र पुढे जगभरच्या धरण बांधणाऱ्यांच्या हाती आलं.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे ईरीएवढं सरोवर नाही. पण हाच वारा, हेच उथळ पाणी आणि हाच काठ बंगालच्या उपसागरात एकत्र येतात, तेव्हा काय होतं ते देशानं २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशात पाहिलं. महाचक्रीवादळानं पाच-सहा मीटर उंचीचं समुद्राचं पाणी एरसमा भागात आत ढकललं. सुमारे दहा हजार माणसं गेली. तिथेही उथळ किनारा आणि जोराचा वारा हेच मुख्य कारण. २०१३ मध्ये फायलिन वादळ आलं, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवण्यात आलं आणि मृतांची संख्या काही दहांवर राहिली.

मोठ्या धरणांच्या जलाशयांनाही हा नियम लागू पडतो. पैठणच्या जायकवाडी धरणामागचा नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि २७ किलोमीटरपर्यंत रुंद आहे. एखादा जलाशय ३० किलोमीटर लांब आणि सरासरी १० मीटर खोल असेल, आणि त्यावरून लांबीच्या दिशेनं ताशी ८० किलोमीटर वेगाचा वारा वाहिला, तर झाउडर झेच्या सूत्रानुसार धरणाच्या बाजूला पाणी साधारण एक फूट चढतं. वारा निम्म्या वेगाचा असेल तर फक्त तीन इंच. शिवाय वर लाटा असतातच, त्या वेगळ्या. एक फूट ऐकायला किरकोळ वाटतो. पण जलाशय काठोकाठ भरलेला असेल आणि धरण मातीचं असेल, तर माथ्यावरून वाहणारं थोडं पाणीसुद्धा भराव पोखरू लागतं. ओकीचोबीचा बांध असाच गेला.

म्हणूनच धरण बांधताना पूर्ण भरल्यावरच्या पाण्याच्या रेषेवर आणखी काही उंची मोकळी ठेवतात. इंजिनिअर तिला फ्रीबोर्ड म्हणतात. भारतीय मानक संस्थेच्या नियमांतही ही उंची ठरवताना वाऱ्यानं चढणारं पाणी आणि लाटा या दोन्हींचा हिशेब करावा लागतो. पावसाळ्यात धरण पाहायला गेलेल्यांना ती कोरडी पट्टी दिसते आणि अनेकांना वाटतं, एवढी जागा रिकामी का ठेवली, आणखी पाणी साठवता आलं नसतं का?

मोठ्या जलाशयाकाठी किंवा समुद्रकिनारी जाणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. जोराच्या वाऱ्यात पाणी एकाएकी मागे हटलं, तर उघड्या पडलेल्या तळावर शिंपले वेचायला धावू नये. मुलांना हाताला धरून आधी उंच जागी न्यावं. मागे गेलेलं पाणी परत येतं. कधी चौदा तासांनी, कधी काही मिनिटांत.